आमची वाटचाल : चार महिन्यांचे बारा महिने

सुरुवातीला आमचा ट्रेकिंगचा धंदा भातशेतीसारखाच होता. जूनमध्ये उगवायचा, दिवाळीच्या आत आटोपायचा. पावसाळ्यात नाशिकजवळच्या हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी या डोंगरांसाठी फोन थांबायचे नाहीत. नंतर सगळा शुकशुकाट. ऑफिसचं भाडं आणि पोरांचे पगार मात्र बाराही महिने चालूच.

पहिला कटू निर्णय हरिहरचा. तिथल्या कातळपायऱ्या जवळजवळ उभ्या, बोटं अडकवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर अडकतात, त्यात शेवाळ आणि पाऊस. शनिवार-रविवारचा हरिहर आम्ही बंद केला. भागीदार असलेला माझा मेहुणा बरेच दिवस तोंड फिरवून बसला होता, कारण सगळ्यात जास्त पैसा त्याच ट्रेकचा.

ही कमाई भरून कशी काढायची, याचं उत्तर मिळालं अंजनेरीच्या पठारावर. आमच्याबरोबर वाट दाखवायला येणारे गावातले एक काका गवतात उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘पाय जपून टाका, कंदील लागलेत.’ बोटभर उंचीचं रोप, त्यावर कंदिलासारखं फूल. या डोंगराचंच नाव मिळालेलं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं सेरोपेजिया अंजनेरिका. या कुळातल्या फुलांची गंमत अशी, की वासाने माशी आत शिरते आणि नळीतले खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. केस कोमेजले की तिची सुटका, तीही परागकण घेऊन. त्या दिवशी माथा गाठायची कुणालाच घाई नव्हती.

मग आम्ही काकांना आणि सुरगाणा-पेठकडच्या मंडळींना एकच विचारत सुटलो, की पाऊस गेल्यावर काय असतं? भरपूर असतं. पावसाळा सरताना सोनकी आणि तेरडा. थंडीत बागलाणात साल्हेर, 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. ज्यांना चढण नको त्यांच्यासाठी गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 मध्ये जाहीर झालेलं, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी गजबजलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर. त्यानंतर मोह. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं टोपल्यांत वेचतात, ते बघायला अंधारातच निघावं लागतं. कुरकुर होते, पण ऊन चढायच्या आत परतही येता येतं. मेअखेरीस, वळवाच्या आगेमागे, काजवे. तेव्हा टॉर्च आणि मोबाईल बंद ठेवायची अट असते. ती न पाळणाऱ्याला गाडीत बसवून ठेवतो, मग तो कितीही मोठा साहेब असो.

जेवण गावातच. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. पैसे थेट रांधणाऱ्या बाईच्या हातात. मध्ये एका पुरवठादाराने डबे पाठवायची स्वस्त ऑफर दिली होती, मेहुण्याने परस्पर नाही म्हणून टाकलं. (तो सुधारला, एवढंच सांगते.)

एप्रिल अजून तोट्यातच जातो. शाळांच्या परीक्षा, वर ऊन. त्या महिन्याचा पगार हिवाळ्याच्या शिलकीतून निघतो. पावसाळ्याचं बुकिंग आता एकूण कामाच्या निम्म्यावर आलंय. रील बघून हरिहर मागणाऱ्यांना आम्ही मंगळवार-बुधवार सुचवतो. काही जण फोन ठेवतात, काही रजा टाकतात.