किरणोत्सवाला सूर्य वेळेवर, आडवे आपणच

पन्हाळा धुक्यात गेला आणि मिसळीनं घाम काढला, त्यावर वेगळं लिहीत नाही. कोल्हापूर गाठलं होतं ते अंबाबाईच्या नोव्हेंबरातल्या किरणोत्सवासाठी.

९, १० आणि ११ नोव्हेंबरला, मग पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात शिरतात. देवी पश्चिमेला तोंड करून उभी आहे ना! पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुखकमल असा क्रम सांगतात.

गर्दीत माझ्यामागे दोघांचं चाललेलं. एक म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे, "सगळं सायन्स आहे." कसलं सायन्स, विचारलं तर मोबाइलात डोकं. मला दुसऱ्याचाच राग जास्त आला, कारण यातली गंमत त्यानं सांगायलाच हवी होती. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे सगळ्यात लांब जाऊन मावळतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी, जाताना, आणि तितकेच आठवडे नंतर, परतताना, तो क्षितिजावर एकाच जागी टेकतो. कोल्हापुरातून पाहिलं तर पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. तिथी चंद्राच्या, म्हणून नवरात्र मागेपुढे होतं. किरणोत्सव मात्र सूर्याचा, म्हणून तारखेनं. आणि जागा तीच असली तरी घड्याळ वेगळं: नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, फेब्रुवारीत जवळपास साडेसहाला. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबगोल, त्यामुळे सूर्याची दुपार आणि आपली दुपार वर्षभर जुळत नाही.

गाभाऱ्यातले दिवे मालवले. किरणांच्या वाटेवरून माणसं बाजूला सारली होती, तरी एक दादा मोबाइल धरून आत झुकायचेच. पितळी उंबऱ्यावर तांबूस उजेड आला तेव्हा त्यात त्यांच्या डोक्याची सावली पडली, मागच्या उभ्या राहिलेल्या केसांसकट. "ओ, डोकं काढा की!" चारी बाजूंनी ओरडा. डोकं निघालं, उजेड चांदीच्या उंबऱ्यावर गेला, मग कटांजनाशी, म्हणजे देवीपुढच्या कठड्याशी, मग चरणांवर. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी किरणं आडवी होतात आणि मूर्तीवर वर चढतात. पाठ केलेलं असूनही ते सरकताना पाहणं निराळंच.

कमरेशी येऊन उजेड फिका पडला आणि संपला. "लाइट गेल्यावानी गेलं की ओ!" शेजारच्या मावशी हळहळल्या. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा तीसहून अधिक पट हवा कापत येतो. निळा रंग वाटेत विखुरतो, म्हणून ती तांबूस छटा. आणि उरलेल्याला धूळ, बाष्प, गुऱ्हाळांचा धूर गिळतो. वाटेतल्या उंच इमारतींची तक्रार तर इथली जुनीच. त्या भांडकुदळ दोघांनी यातलं काही पाहिलं नाही, ते अजून चमत्कारावरच होते.

फेब्रुवारीत जाणार असाल तर नोव्हेंबरची वेळ धरून जाऊ नका, उगाच अर्धा तास जास्त ताटकळाल. लवकर जाऊन पुढची जागा धरायचा विचार असेल तर सोडा. ते दादा आधीच येऊन उभे असतील.