गळ्याशी आलेला शब्द

भपक्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. ऐपतीतला तो थाट, कर्ज काढून केलेला तो बडेजाव, आणि रंकाळ्यावर उगाच बुलेटचा आवाज काढत फिरणं म्हणजे शायनिंग. 'लई शायनिंग मारू नगंस' यावर कोल्हापुरात भाष्य लागत नाही. पण चकाकी आहे, तीही स्वस्तातली, आणि जवळून बघितलं की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं, एवढं सगळं इंग्रजीतल्या 'टॉड्री' या एका शब्दात मावतं. त्याला 'भडक' म्हणावं तर स्वस्तपणा सुटतो, 'सवंग' म्हणावं तर चमक सुटते.

हा शब्द निघाला एका राजकन्येच्या गळ्यातून. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लिया या जुन्या राज्याचा राजा अ‍ॅना (हो, राजाच) याची मुलगी एथेलथ्रिथ. दोन लग्नं झाली, तरी ओढा मठाकडे. ६७३ साली तिने इंग्लंडमधल्याच ईली या गावी मठ काढला आणि ६७९ मध्ये गळ्याला गाठ येऊन ती वारली. बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात तिचं म्हणणं नोंदवलंय : तरुणपणी गळ्यात हारांचं ओझं मिरवलं, त्याचंच हे दुखणं.

पुढे ती संत, म्हणजे इंग्रजीत 'सेंट', मानली गेली आणि एथेलथ्रिथ हे नाव लोकांच्या तोंडी झिजून ऑड्री झालं. तिच्या नावाची जत्रा ईलीला १७ ऑक्टोबरच्या सणाला भरे आणि तिथे 'सेंट ऑड्रीज लेस' विकली जाई. लेस म्हणजे इथे झालर नव्हे. गळ्यात बांधायची रेशमी फीत, आपल्याकडच्या गोफासारखी. भरभर बोलताना 'सेंट'मधला शेवटचा ट पुढच्या नावाला चिकटला आणि झालं टॉड्री लेस. इंग्रजीत अशी सरकासरकी नवी नाही. 'एप्रन' हा मुळात 'नेप्रन'. त्याचा न आधीच्या 'अ'ने पळवला. ही फीत आधी हौसेने वापरत. पुढे हलक्या, रंगीबेरंगी मालाने तिची पत गेली आणि सतराव्या शतकात 'टॉड्री' म्हणजेच दिखाऊ, कमअस्सल असा अर्थ पक्का झाला. हारांचा पश्चात्ताप करत गेलेल्या बाईच्या नावाने पुन्हा गळ्यातलीच वस्तू विकावी, यात बाजाराला काही वावगं वाटलं नाही.

कोल्हापुरात हा शब्द समजायला गुजरी ते महाद्वार रोड एवढं चाललं तरी पुरतं. गुजरी या सराफ पेठेत कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला सोन्याचा हार. परंपरेने त्याची पानं एकवीस मोजतात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. मधेमधे जवमणी. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर उठवून आत लाख भरतात, म्हणून साज दिसतो भरघोस आणि वजनाला बेताचा. म्हणजे पोकळपणा इथेही आहे, फक्त तो लपवलेला नाही. मोडीला घालताना लाखेचं वजन वजा होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लाख उष्णतेने मऊ पडते, तेव्हा साज घालून चुलीपुढे बसू नये आणि तो गरम पाण्यात धुऊ नये. आपटला तर पत्र्याला पोचा येतो.

महाद्वार रोडवर तोच साज 'एक ग्रॅम'चा. पितळेवर किंवा तांब्यावर विजेने चढवलेला सोन्याचा मुलामा. सगळ्यात आधी तो उडतो आकड्यापाशी आणि कडांवर, जिथे घासतं तिथे. घाम, साबण, अत्तर यांनी काम आणखी लवकर होतं आणि मानेवर हिरवट डाग उमटतो. ताक पितळेत कळकतं, तशी ही मान कळकलेली. यावर उपाय साधे : अत्तर आधी, दागिना नंतर, काढल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसून बंद डबीत. अस्सल घ्यायचा तर हॉलमार्कमध्ये २२ कॅरेटसाठी ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघावा. एक ग्रॅमला टॉड्री म्हणणं मात्र अन्यायाचं वाटतं. तो मुलाम्याचा म्हणूनच विकतात आणि तसाच घेतात. टॉड्री म्हणावं तर परगावच्या मेन्यूकार्डावरच्या 'व्हेज कोल्हापुरी'ला. रंग टाकून लाल केलेला तो रस्सा इथल्या तांबड्याचं नाव सांगतो, नातं मात्र सांगत नाही.

ईलीच्या बाईचं एक बरं झालं. बदनाम झालं ते बोलीतलं ऑड्री. पोथीतलं एथेल्ड्रेडा हे एथेलथ्रिथचंच लॅटिन रूप सोवळंच राहिलं. लंडनमध्ये ईली प्लेस इथे त्याच नावाचं जुनं चर्च आहे. दरवर्षी ३ फेब्रुवारीला, घशाच्या दुखण्यांचा संत मानल्या जाणाऱ्या सेंट ब्लेझच्या दिवशी, लोक तिथे जातात आणि पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून त्यांच्या गळ्याला लावतो, घशाची दुखणी टळावीत म्हणून.