चहा-खारीवर अभ्यास होत नसतो

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी मेस आहे आणि जेवायला येणारी निम्म्याहून जास्त पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेवाली, कोण एमपीएससी, कोण पोलीस भरती, कोण बँकेचं. त्यामुळं वर्षभर एकच तक्रार कानावर येते, "काकू, पुस्तक समोर असतंय खरं डोक्यात काय शिरतच नाही." मग कुणी बदाम भिजवून खायला लागतो, कुणी मेडिकलमधनं मेमरीचं सिरप आणतो, कुणी एनर्जी ड्रिंकचे कॅन. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण मला मनापासनं वाटतं की या पोरांना महागाचं नवीन काही खायची गरज नाही. आपल्याकडं रोज जे शिजतंय त्यात जवळजवळ सगळं आहे, फक्त कधी खायचं, कशाबरोबर खायचं आणि चहा कुठं बसवायचा हे लावून घ्यायला पाहिजे.

आधी मेंदूचं सांगते. वजनानं तो शरीराच्या २ टक्केच, पण आपण नुसतं बसून असलो तरी शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली २० टक्क्यांच्या आसपास एकटा मेंदू घेतो. आणि ती त्याला सतत लागते, रक्तातल्या ग्लुकोजमधनं, कारण स्वतःकडं साठा करून ठेवायची सोय त्याच्याकडं फारशी नाही. आता यावरनं बरीच पोरं असा अर्थ काढतात की अभ्यास जास्त म्हणजे खाणं जास्त. तसं नाहीय. अवघड गणित सोडवत बसलं म्हणून मेंदूचा खर्च लई वाढत नाही, थोडासाच वाढतो. तालमीतला पैलवान बदामाची थंडाई, तूप, मटण सगळं जिरवतो कारण पहाटेपासनं जोर-बैठका नि लढती चालू असतात, खुर्चीत बसणाऱ्या पोरानं त्याचा खुराक धरला तर दुपारी झोप येणारच. जास्त नको, सारखं पाहिजे. म्हणजे रक्तातली साखर एकदम चढून एकदम उतरायला नको.

आणि इथंच सकाळची चहा-खारी आडवी येते. आठ वाजता कपभर गोड चहा, त्यात चार खाऱ्या नाहीतर टोस्ट बुडवायचे, झाला नाश्ता, की थेट अभ्यासिकेत. मैदा आणि साखर, दोन्ही झटपट पचणारी, प्रोटीन जवळजवळ नाही, त्यामुळं अकरा वाजायच्या आत पोटात खड्डा पडतो आणि तेच पान तिसऱ्यांदा वाचायची वेळ येते. पोरं म्हणतात माझी एकाग्रताच कमी आहे. अरे बाबा एकाग्रता ठीक आहे तुझी, पोटात काही नाहीय! त्याऐवजी उप्पीट खा पण त्यात मूठभर शेंगदाणे पडू देत, थालीपीठ आणि दही खा, अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी खा. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि कोलीन नावाचा एक घटक पण, ज्यापासनं मेंदूत आठवणीच्या कामाचं एक रसायन तयार होतं. ते कोलीन पिवळ्यात असतं बरं का, पांढरं खाऊन पिवळं टाकणाऱ्या पोरांसाठी मुद्दाम सांगतेय.

आता मिसळ. कोल्हापुरात राहून मिसळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही आणि सांगायचं कारणही नाही, कारण मिसळीतली मोड आलेली मटकी ही फार चांगली गोष्ट आहे. मोड आणले की कडधान्यातलं लोह अडवून ठेवणारा घटक कमी होतो, म्हणजे ते लोह अंगाला जास्त लागतं. त्यावर लिंबू पिळलं की अजून चांगलं, लिंबातलं व्हिटॅमिन सी लोह शोषायला मदत करतं. कांदा, लिंबू, मटकी, ज्यानं कुणी ही ताटली पहिल्यांदा मांडली त्याला माझा नमस्कार. पण आपण करतो काय, मटकी बोटभर आणि फरसाण ढीगभर, कटावर कट, त्यावरचा तवंग, चार-पाच ब्रेडच्या स्लाईस, आणि मिसळ संपल्या-संपल्या लगेच चहा. तो चहा सगळ्यात वाईट. चहातलं टॅनिन कडधान्य-पालेभाजीतल्या लोहाला धरून ठेवतं आणि नीट शोषू देत नाही, म्हणजे लिंबानं केलेलं काम चहानं पुसलं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्पष्ट लिहिलंय की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. मी मेसमध्ये मिसळीच्या दिवशी वाढतानाच मटकी डावभर जास्त घालते, फरसाण वेगळ्या वाटीत ठेवते, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. आणि चहा त्या वेळेला बंद. पहिल्यांदा पोरं कुरकुरली, आता कोण विचारत पण नाही.

लोहाचा एवढा विषय का काढतेय तर पोरींसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! लोह कमी पडलं की रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होतं, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी, मग दम लागणं, डोकं जड, चिडचिड, वाचलेलं लक्षात न राहणं, आणि घरचे म्हणतात पोरगी आळशी झाली. माझ्याकडं जेवणारी एक पोरगी, आजऱ्याकडची, दुपारी दोन वाजता टेबलावर डोकं टेकून बसायची. मी नखं बघितली तर पांढरीफटक. म्हणलं बाई, आधी रक्त तपासून ये. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि इथनं मी गोळीबरोबर रोज लिंबूपाणी द्यायला लागले. काही महिन्यांत त्या पोरीचा चेहरा बदलला, आवाज बदलला, आता तीच दुसऱ्या पोरींना चहावरनं टोकते.

तसंच व्हिटॅमिन बी-१२. पूर्ण शाकाहारी पोरांनी हे लक्षात ठेवा, बी-१२ फक्त प्राण्यांपासनं मिळणाऱ्या पदार्थात असतं, म्हणजे मटण, मासे, अंडी आणि दूध-दही. जे दूध पण पीत नाहीत, नुसती भाजी-पोळी-भात खातात, त्यांना कमी पडू शकतं, आणि मग हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा असं सुरू होतं. एका साध्या रक्त तपासणीत कळतं. महिनोन् महिने डोक्यावर धुकं असल्यासारखं वाटत असेल तर माझा ब्लॉग वाचत बसू नका, डॉक्टरकडं जा आणि हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड बघून घ्या, कारण तिथं ताट कितीही सुधारलं तरी पुरत नाही. दूध म्हणलं की आमच्या इथली पोरं गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पितात. कोल्हापूरचा अभिमान आहे तो, मला मान्य, खरं कच्च्या दुधातनं आजार येऊ शकतात, परीक्षेच्या तोंडावर तर नकोच, ते दूध घरी आणून उकळून प्या.

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. शरीरातलं पाणी वजनाच्या दीड-दोन टक्के जरी कमी झालं तरी लक्ष लागत नाही, डोकं दुखतं, मूड जातो, आणि तहान नीट लागायच्या आधीच हे होऊ शकतं. आता पोरी दिवसभर पाणी का पीत नाहीत ते मी विचारलं तेव्हा कळलं, एका अभ्यासिकेत पन्नास-साठ जणांना मिळून एकच बाथरूम, तेही घाण, कडी लागत नाही. म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोरी घोटभर पाण्यावर बसून. हे ऐकून माझा जीव तुटला. लघवी रोखून धरायची, पाणी प्यायचं नाही, जळजळ सुरू झाली की सहन करायचं, आणि त्यात पोलिटीचा, म्हणजे राज्यघटनेचा, धडा पाठ व्हावा ही अपेक्षा. अभ्यासिका चालवणारं कुणी वाचत असेल तर हात जोडून सांगते, एसी नंतर बसवा, आधी बाथरूम नीट करा. पोरींनो तुम्ही सगळ्यांनी मिळून मागा, फी भरता तुम्ही. पाणी पुरेसं होतंय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग, फिकट पिवळा असला की ठीक, गडद झाला की बाटली उघडा. उन्हाळ्यात नुसतं पाणी जात नसेल तर ताक घ्या, नाचणीची आंबील घ्या, आंबीलनं पोटाला आधार पण होतो. कॅनमधलं एनर्जी ड्रिंक मात्र नको, त्या छोट्याशा कॅनमध्ये सहा चमच्यांच्या आसपास साखर असते आणि वर कॅफीन.

कॅफीनचं पण समजून घ्या. दिवसभर जागं असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं, त्यानं झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते, पण थकवा गेलेला नसतो, तो मागं उभाच असतो. आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाचेक तासांनी पण अंगात असतं. संध्याकाळी सातला दोन चहा आणि रात्री दहाला एक, मग बाराला अंथरुणात टक्क डोळे. वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, ती झोपच मोडली तर दिवसभराचं वाचन वाया. माझं सरळ म्हणणं आहे, दिवसाला दोन-तीन कप, चारनंतर नाही.

दुपारच्या जेवणाचं थोडक्यात. जेवल्यावर येणारी पेंग थोडी नैसर्गिकच आहे, दुपारी शरीराचं घड्याळच जरा मंदावतं, पण डोंगराएवढा भात खाल्ला की ती दुप्पट होते. ज्वारीची भाकरी, उसळ किंवा आमटी घट्ट, पालेभाजी, कांदा-काकडी, ताक आणि भात मूठभर, एवढं घ्या. जवसाची चटणी रोज चमचाभर. जवसात एक प्रकारचं ओमेगा-३ असतं, त्यातलं थोडंच शरीर मेंदूला पाहिजे तसं बदलून घेतं, पण शाकाहारी माणसाला तेवढं तरी मिळू दे. मासे खाणाऱ्यांनी सुरमईच्या मागं न लागता बांगडा नि तारली घ्यावी, स्वस्त आहे आणि ओमेगा-३ भरपूर. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी रात्री, सोमवारी पेपर असेल तर नाही. आणि गूळ आपल्या कोल्हापूरचा असला तरी तो बहुतांश साखरच आहे, गुळाचा चहा म्हणून पाच कप चालत नाहीत.

या गावाला शिकणाऱ्या पोरांना जेवू घालायची सवय जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासनं इथं एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढायला मदत केली, जागा दिल्या, पैसे दिले, कारण खेड्यातनं आलेल्या पोराला राहायची-जेवायची सोय नसेल तर शाळा फुकट असून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं. मेस चालवणाऱ्या आम्हा लोकांनी हे डोक्यात ठेवायला पाहिजे असं मला फार वाटतं. पंधरा-वीस रुपये वाचवायला डाळ पातळ करू नका, भात वाढवून पोट भरवू नका.

आता परीक्षा जवळ आलीय म्हणून शेवटचं. पेपरच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, मैत्रिणीनं आणलेला च्यवनप्राश नाही, कुणाचं सिरप नाही. रोजचा नाश्ता, रोजच्याच वेळेला, पेपरच्या दीड-दोन तास आधी. चहाची सवय असेल तर त्या दिवशी एकदम बंद करू नका, कॅफीन अचानक तुटलं की डोकं दुखतं, नाश्त्यानंतर तासाभरानं अर्धा कप घ्या. पाणी घोट-घोट. सेंटर लांब असेल, सांगली-साताऱ्याला वगैरे, तर आदल्या दिवशी रात्री मला सांगून ठेवा, पहाटे पाचला थालीपीठ नि उकडलेली अंडी डब्यात बांधून तयार असतील, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.