खर्ज ऐकू यावा म्हणून

मी बेस गिटार वाजवतो, आणि माझ्या पहिल्या बँडच्या तालमींत एक गोष्ट मला बराच काळ उमगली नव्हती. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज मला अतिशय भरदार वाटायचा, तोच आवाज ड्रम्स आणि दोन गिटार सुरू होताच नाहीसा व्हायचा. अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज वाढवला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, पण मी कोणता स्वर वाजवतो आहे हे कोणालाच, अगदी मलासुद्धा, ऐकू यायचे नाही. पुढच्या वर्षांत तारा, पिकअप (तारेची कंपने विजेच्या संकेतांत बदलणारा भाग), अँप्लिफायर आणि पेडल (पायाने चालू-बंद करायचे, आवाज बदलणारे उपकरण) यांविषयी मी जे काही शिकलो, ते बहुतांशी या एकाच अडचणीचे उत्तर शोधताना शिकलो. त्यामुळे माझ्या साहित्याविषयी लिहिताना सुरुवातही तिथूनच करतो.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा आवाज माणसाच्या कानाला क्षीण ऐकू येतो. तो कानापेक्षा छातीत अधिक जाणवतो, आणि त्याच्याच शेजारी किक ड्रमही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घुमत असतो. परंतु तारेतून केवळ मूळ स्वर निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, म्हणजे ८२, १२४, १६५ हर्ट्झचे आणि त्याही वरचे अधिस्वर त्याच्यासोबत निघतात, आणि मूळ स्वर जवळजवळ ऐकू येत नसला तरी या अधिस्वरांवरून कान तो ओळखतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही बेसची चाल कळते ती यामुळेच. मी मात्र घरी अँपवरचे मिड्स (मधल्या पट्ट्याचा आवाज) पूर्ण उतरवून बेस (खालचा पट्टा) आणि ट्रेबल (वरचा पट्टा) चढवून ठेवत असे. एकट्याने ऐकताना तो आवाज मखमली वाटायचा, पण बँडमध्ये ज्या भागावाचून स्वर कळत नाही, नेमका तोच भाग मी काढून टाकत होतो.

माझ्याकडे जो बेस आहे तो फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या घडणीचा आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये तो बाजारात आणला, तेव्हा बेसवादकाला माणसाएवढा उंच डबल बेस वागवावा लागत असे आणि पडद्यांवाचून स्वराची जागा बोटांनी अंदाजाने शोधावी लागत असे. फेंडर यांनी दांडीवर फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, बसवले, स्वर अचूक लागू लागला, आणि ‘प्रिसिजन’ हे नाव त्यातूनच आले. तारेची ३४ इंचांची लांबी त्यांनी तेव्हा ठरवली आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. १९५७ मध्ये या वाद्याला दोन तुकड्यांचे पिकअप मिळाले: एक तुकडा ई आणि ए या तारांखाली, दुसरा डी आणि जी या तारांखाली. दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असल्यामुळे विजेची गुणगुण त्यात आपोआप नाहीशी होते. १९६० च्या जॅझ बेसला दोन स्वतंत्र पिकअप आणि निमुळती दांडी आहे. ब्रिजजवळच्या (तारांच्या खालच्या टोकाच्या आधाराजवळच्या) पिकअपचा त्याचा घोगरा आवाज मला फार आवडतो, पण दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधला भाग थोडा खचतो. प्रिसिजनमध्ये ही निवड करावीच लागत नाही. एकच पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, आणि गोंगाटातही टिकून राहणारा मधला पट्टा. हा बेस एकट्याने ऐकला तर काहीसा ओबडधोबड वाटतो, हे खरे आहे. त्याची योग्यता गिटार सुरू झाल्यावरच कळते.

तरीही पैसे कुठे घालावेत असे मला कोणी विचारले, तर मी बेसच्या आधी तारांचे नाव घेईन. तारांवरची गुंडाळी गोल असेल तर त्या राउंडवाउंड आणि चपटी असेल तर फ्लॅटवाउंड. १९६६ मध्ये द हू या बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांनी रोटोसाउंड या कंपनीच्या साहाय्याने पियानोच्या खर्जाच्या तारांसारख्या खणखणणाऱ्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या, आणि रॉकमधला बेस प्रथमच पुढे येऊन बोलू लागला. नव्या राउंडवाउंड तारेत अधिस्वरांची गर्दी असते. तंबोऱ्याची जवारी उघडल्यावर एका स्वरातून अनेक स्वर पसरतात, तसे काहीसे. बोटांचा घाम आणि मळ गुंडाळीच्या खाचांत साचत गेला की तीच तार आठवड्यांगणिक मुकी होत जाते. याच्या अगदी उलट टोकाला मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन आहेत. त्यांच्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि त्या ते तुटेपर्यंत बदलत नसत. मात्र यावरून फ्लॅटवाउंड म्हणजे मऊ आणि राउंडवाउंड म्हणजे कणखर असा नियम कोणी करू नये. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड तारा लावतात, आणि बोटांनी त्या इतक्या जोरात वाजवतात की फ्रेटवर आपटणाऱ्या तारेची खणखण दोन-तीन गिटारांच्या वर ऐकू येते. अधिस्वर तारेत असतात तसेच ते हाताच्या आघातातही असतात. मी ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या) निकेलच्या राउंडवाउंड तारा वापरतो आणि कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी बदलतो, म्हणजे त्यांचा अगदी नवेपणाचा किरटेपणा तेवढ्यात उतरतो.

तारा बदलल्या की सेटअपकडेही, म्हणजे वाद्याच्या जुळवणीकडेही, पाहावे लागते. चार तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोंच्या घरात असतो आणि दांडीच्या आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तो तोलून धरते. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची मी अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. तार त्याहून फार खाली आणली तर वाजवायला सोपे जाते, पण जोराने छेडल्यावर स्वर फुलण्याआधीच फ्रेटवर घुसमटतो.

अँप्लिफायरविषयी माझे मत वजन उचलून बनलेले आहे. रॉकच्या मोठ्या रंगमंचासाठी अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी हा ३०० वॉटचा अँप आणला आणि रोलिंग स्टोन्सच्या त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला गेला. चौदा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) असलेला त्याचा हेड, म्हणजे स्पीकरांविना असलेला अँप, जवळजवळ ३८ किलोंचा, आणि त्याखालचे दहा इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट त्याहूनही जड. एवढ्या खटाटोपाचे कारण असे की खालचे स्वर हवेत ढकलायला खूप शक्ती लागते, आणि व्हॉल्व्हवर ताण आला की ते आवाज फाडण्याऐवजी त्यात नवे अधिस्वर मिसळतात. आज व्हॉल्व्हविना चालणारा क्लास-डी प्रकारचा तीन किलोंहून हलका हेड ५०० वॉट देतो. मी तोच वापरतो, आणि व्हॉल्व्हची ती उब आवाजाला किंचित फाटकेपणा देणाऱ्या एका ओव्हरड्राइव्ह पेडलवर सोपवतो. कॅबिनेट जोडताना मात्र गफलत होऊ देऊ नये: आठ ओहमची (विजेला होणाऱ्या रोधाचे माप) दोन कॅबिनेट समांतर जोडली की अँपसमोर चार ओहमच येतात, आणि अँपला तेवढे झेपत नसेल तर तो निकामी होऊ शकतो.

ओव्हरड्राइव्हचे काम मी केवळ आक्रमकतेसाठी करून घेत नाही. सौम्य लावलेला ओव्हरड्राइव्ह मूळ स्वरापासून नवे अधिस्वर घडवतो आणि त्यामुळे आवाज न वाढवताही बेस ऐकू येतो. बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडल खालचा भाग पातळ करतात, म्हणून मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याची ब्लेंड कळ असलेलेच पेडल मी निवडतो. मोटरहेड या बँडचे बेसवादक लेमी यांनी हाच विचार टोकाला नेला. रिकेनबॅकर बेस, मार्शलचा अँप, त्यावर बेस आणि ट्रेबल उतरवलेले आणि मिड्स चढवलेले. माझ्या बँडला इतके नको असते, पण मिड्सची भीती माझ्या मनातून कायमची गेली ती त्यांचे वादन ऐकून.

बाकीचे साहित्य थोडक्यात सांगतो. ओव्हरड्राइव्हच्या आधी एक कॉम्प्रेसर, जोराचे आणि हळू वाजलेले स्वर जवळ आणण्यापुरता. सर्वांत पुढे ट्युनर, आणि ई तार लावताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला अधिस्वर), कारण मोकळ्या तारेच्या मंद कंपनांवर पुष्कळ ट्युनर अडखळतात. शेवटी डीआय बॉक्स, ज्यातून आवाज थेट मिक्सरकडे जातो. मोठ्या सभागृहात श्रोते प्रामुख्याने तोच आवाज ऐकतात आणि माझा अँप बहुतांशी माझ्यासाठी आणि ड्रमरसाठी असतो. म्हणून कळा फिरवायच्या त्या सगळा बँड पूर्ण जोरात वाजत असतानाच, असा माझा आग्रह असतो.

अलीकडे पाच तारांचा एक बेस घरी आणला आहे. त्याची बी तार ३१ हर्ट्झची आहे आणि जुनी अडचण तिच्यासोबत पुन्हा उभी राहिली आहे: एकट्याने वाजवताना जमीन हलते, बँडमध्ये फक्त धपधप ऐकू येते. ३४ इंचांच्या लांबीवर त्या तारेला पुरेसा ताण मिळत नाही, असा माझा कयास आहे. सध्या १३० ऐवजी १३५ जाडीची तार लावली आहे आणि उजवा हात ब्रिजकडे दोन बोटे सरकवून वाजवतो आहे. कालच्या तालमीत दुसऱ्या कडव्यातला खालचा डी प्रथमच स्पष्ट ऐकू आला.