तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीतलं लिंबू थंडीत पानं का टाकतं?

थंड हवेच्या ठिकाणी कुंडीत लिंबू लावलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "लागतात का हो?" लागतात. तो विषय तिथंच संपतो. दुसरा प्रश्न मात्र दरवर्षी थंडी पडली की येतो आणि त्याला एका शब्दाचं उत्तर नाही. "उन्हाळाभर झाड बाहेर मस्त होतं. गारठा सुरू झाला तसं घरात घेतलं, भरपूर उन्हाच्या खिडकीत ठेवलं, खोली उबदार. तरी महिन्याभरात निम्मी पानं गळाली. आमचं काय कमी पडलं?"

बहुतेक वेळा कमी काहीच पडलेलं नसतं. पानांची बडदास्त उत्तम ठेवलेली असते, फक्त मुळांकडे कुणी बघितलेलं नसतं.

आधी गळलेली पानं बघा आणि मग फांदी बघा. लिंबाच्या पानाला दोन सांधे असतात. एक देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं, आणि दुसरा देठ आणि पानाचं पातं यांच्या मधे. म्हातारं झालेलं पान आधी पिवळं पडतं आणि देठासकट गळतं. झाडाला एकाएकी पाण्याचा तुटवडा पडला की मात्र पान सहसा वरच्या सांध्यात सुटतं. पातं खाली पडतं, तेही पुष्कळदा हिरवंगार, आणि बोडके देठ फांदीवर काही दिवस तसेच उभे राहतात. असे देठ दिसले तर झाड तहानलेलं आहे असं समजा. आणि नेमका इथंच घोळ होतो, कारण माती बघावी तर ओली असते.

ओल्या मातीत झाड तहानेलं कसं? स्वयंपाकघरातला, टोचून बघायचा थर्मामीटर असेल तर तो सकाळी कुंडीतल्या मातीत चार बोटं खोल खुपसा. खोलीची हवा 21 अंश सेल्सिअस आणि माती 12, इतका फरक सहज सापडतो. थंडीत फरशी गार असते, खिडकीच्या काचेवरून गार हवा खाली उतरून नेमकी कुंडीभोवती साचते, आणि कुंडी बिनझिलईच्या भाजक्या मातीची असेल तर ती माठच असते. बाजूंनी पाणी पाझरून उडत राहतं आणि आतला ऐवज थंड होत जातो. त्यात आपण नळाचं बर्फासारखं पाणी घालतो.

लिंबूवर्गातल्या झाडांची मुळं साधारण 12-13 अंशांच्या खाली जवळपास काम थांबवतात. वाढत नाहीत, पाणी जेमतेम ओढतात, अन्नद्रव्यं तर त्याहून कमी. वर मात्र काचेतून आलेल्या उन्हानं पान खोलीपेक्षाही तापलेलं असतं. ते पाणी मागत राहतं, खालून पुरवठा नाही. मग झाड खर्च कमी करतं, म्हणजे पानं टाकतं. आपण घाबरून आणखी पाणी घालतो, माती आणखी गार आणि आणखी चिखल होते, आणि आता मुळं खरोखरच कुजायला लागतात. थंडीनं मरणाऱ्या कुंडीतल्या लिंबांपेक्षा या काळजीनं मरणारी लिंबं जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच असतं: वरचं आणि खालचं तापमान जुळवा. दोन्ही उबदार ठेवा, नाहीतर दोन्ही गार. उबदार ठेवणार असाल तर कुंडी फरशीवरून उचलून लाकडी घोडीवर ठेवा, हवं तर खाली रोपांसाठीची गरम होणारी चटई घाला, आणि माती 18-20 अंशांच्या आसपास राहते का ते बघत राहा. पाणी खोलीत ठेवून निवळलेलं, कोमट घाला. आणि उजेड भरपूर हवा. इथं डोळे आपल्याला फसवतात. खिडकीपासून हातभर आत ठेवलेली जागा आपल्याला लख्ख वाटते, पण झाडाच्या हिशेबानं ती अर्धवट अंधारीच असते. दिवस लहान असतील तर रोज बारा तास ग्रो लाइट लावा. ऊब दिली आणि उजेड दिला नाही तर फिकट, लांबोडक्या, लुळ्या फांद्या फुटतात, त्या पुढे कशाच्याच कामाच्या नसतात.

गार ठेवणं जास्त सोपं आहे, स्वस्त आहे आणि लोकांना पटायला जास्त अवघड आहे. 5 ते 10 अंशांची उजेडाची जागा, म्हणजे न तापवलेला काचेचा व्हरांडा, जिन्याचा उजेडाचा कोपरा, हिमाचा कडाका आत न येणारी शेड. तिथं पानही गार, मूळही गार. पान फारसं पाणी मागत नाही, मूळ फारसं देत नाही, दोघांचं जमतं. झाड महिनोन्‌महिने जसंच्या तसं उभं राहतं. पाणी अगदी क्वचित: वरची दोन बोटं माती कोरडी झाली आणि कुंडी उचलून बघितल्यावर हलकी लागली तरच.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. युरोपातल्या राजेरजवाड्यांनी संत्र्यांसाठी खास वास्तू बांधल्या त्या याच तत्त्वावर. व्हर्सायची ऑरेंजरी 1684 ते 1686 या काळात ज्यूल आर्दुआँ-मांसार या वास्तुशिल्पकारानं बांधली. दक्षिणेकडे तोंड, जाडजूड भिंती, दुहेरी काचांच्या उंच खिडक्या. भट्टी पेटवून उष्ण प्रदेश उभा करायचा खटाटोप नाही, नुसतं गोठू द्यायचं नाही एवढंच धोरण. आजही तिथली झाडं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाहेर पटांगणात असतात आणि बाकीचे महिने आत. झाडं ज्या लाकडी पेट्यांत वाढतात त्यांच्या बाजू उघडता येतात, म्हणजे झाड न उपटता मुळं तपासता येतात आणि माती बदलता येते. तेवढी सोय आपल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना कुणी दिली तर मी त्याची आभारी राहीन.

गार ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो बागायतदारांना वेगळा सांगावा लागत नाही. लिंबूवर्गीय बागेत बहार धरायचा तर झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं जरा मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी सोडायचं, की फुलं फुटतात. थंड हवेत हे काम थंडीच करते. काही आठवडे 10-15 अंशांत राहिलं की झाडाची फुलांची तयारी होते, पाणी तोडावं लागत नाही. बाराही महिने 22 अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलेलं संत्रं नुसती पालवी काढत बसतं आणि फुलं कमी का याचं कोडं मालकाला सुटत नाही. लिंबाचं तितकं अडत नाही, ते वर्षातून कधीही थोडं थोडं फुलत राहतं.

यावरून पुढचा प्रश्न: लावावं काय? आंबट लावा. साखर भरायला लांबलचक उन्हाळा आणि भरपूर उष्णता लागते, ती थंड प्रदेशात मिळत नाही. मोसंबी किंवा ग्रेपफ्रूट दिसायला झकास होईल, कारण सालीचा केशरी रंग चढायला गार रात्रीच लागतात. उष्ण कटिबंधात पिकलेलं संत्रंसुद्धा पुष्कळदा हिरवंच राहतं. पण तो रंग बघून फोड तोंडात टाकलीत तर चेहरा वाकडा होईल. आंबट फळाला आंबटच राहायचंय, त्याला घाई नाही.

पहिलं झाड म्हणून मी डोळे झाकून मेयर लिंबू सुचवते. फ्रँक मेयर हा अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी देशोदेशी फिरून रोपं गोळा करणारा माणूस. त्यानं हे चीनमधून 1908 साली नेलं. तिथं ते कुंडीतच वाढवत होते, म्हणजे या झाडाला कुंडीची सवय आपल्याआधीपासूनची. पुढे या जातीची पुष्कळ झाडं ट्रिस्टेझा विषाणूची छुपी वाहक निघाली. स्वतः ठणठणीत, शेजारच्या संत्र्यांना मारक. म्हणून निरोगी निवड शोधून ती 1970च्या दशकात 'इम्प्रूव्हड मेयर' नावानं बाजारात आली. हल्ली रोपवाटिकेत मिळतं ते बहुधा हेच. साल पातळ, रस भरपूर, आंबटपणा जरा सौम्य. त्याच्या जोडीला कुमक्वॉट किंवा कॅलामोन्डिन, ही लिंबूवर्गातलीच छोट्या फळांची झाडं. कुमक्वॉट थंडीत इतकं गाढ झोपतं की मधेच दोनचार उबदार दिवस आले तरी फसून पालवी काढत नाही. आणि फळ सालीसकट खायचं, साल गोड, आत आंबट. कागदी लिंबू मात्र नाजूक, त्याला गार जागा मानवत नाही. तो घ्यायचाच असेल तर उबदार आणि भरपूर उजेडाची जागा आधी तयार ठेवा.

"पानं पिवळी पडलीत, कोणतं खत घालू?" हाही नेहमीचाच प्रश्न. आधी कोणती पानं ते बघा. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. जुन्या पानांच्या बुडाशी उलटा व्ही काढल्यासारखा हिरवा भाग शिल्लक आणि बाकी पिवळं असेल तर मॅग्नेशियम. जुनी पानं सरसकट फिकट असतील तर नत्र. पण हे सगळं उन्हाळ्यासाठी. ऐन थंडीत पिवळेपणा दिसला तर पुन्हा थर्मामीटरच काढा, कारण मातीत लोह असूनही गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. तेव्हा खत ओतलं की क्षार साचतात आणि वाढीव दुखणं मागे लागतं. उन्हाळ्यात उपाशी ठेवू नका, नत्र जास्त आणि लोह, जस्त, मँगनीज असलेलं खत नियमित द्या. पाणी फार जड असेल तर मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर सरकत जातो आणि लोह अडकून बसतं. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बरा. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं काही नाही.

माती भुसभुशीत हवी, सालीचे तुकडे, पर्लाइट, थोडं कोकोपीट असलेली. कुंडी एकदम मोठी घेऊ नका. छोट्या झाडाभोवती माती जास्त झाली की मुळं न पोचलेला भाग ओलाच राहतो.

कीड म्हणाल तर घरातली कोरडी गरम हवा लाल कोळ्याला फार आवडते. पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि मागे जाळीचा भास झाला की झाड बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू पाण्यानं धुऊन काढा, आठवड्यानं परत. पानं चिकट लागली आणि त्यावर काजळी धरली तर मधल्या शिरेलगत खवले कीड शोधा. नखानं निघते.

वाटाण्याएवढी झालेली फळं गळतात म्हणून हळहळू नका. शंभर फुलांमागे दोनचार फळं टिकली तरी झाडाचं नीटच चाललंय. जी टिकतात त्यांना पिकायला सहा ते नऊ महिने, गार हवेत त्याहूनही जास्त. बी पेरून उगवलेलं रोप असेल तर फळासाठी कित्येक वर्षं थांबायची तयारी ठेवा. काटे मात्र लगेच मिळतात.

आणि ज्यांचं झाड आजच बोडकं झालंय त्यांच्यासाठी. टाकून देऊ नका. फांदीची साल नखानं किंचित खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पानंच नाहीत म्हणजे पाणी जवळजवळ लागतच नाही, तेव्हा हात आवरा. खत बंद, छाटणी बंद. कोणती फांदी वाळलीय ते पालवी फुटल्यावर आपोआप कळतं, तेव्हा कात्री उचला. रात्रीचा पारा 10 अंशांच्या वर स्थिरावला की बाहेर काढा, आधी आठवडाभर सावलीत, नाहीतर नवी पानं करपतात. फुटवा कुठून येतोय तेवढं बघा. कलमाच्या सांध्याच्या खालून, एका देठावर तीन तीन पानं असलेली जोमदार फांदी निघाली तर ती लिंबाची नव्हे, खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याची. कितीही जोमाची असली तरी ती बुडातून काढून टाका, नाहीतर सगळा जोर तीच ओढून घेईल.