एक मिनिट बेचाळीस सेकंद

सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी बाईंचा फोन आला. एपिसोड ६ वाजता गेला होता. पाहुणे इतक्या सकाळी फोन करतात ते एक तर खूश होऊन, नाहीतर वर्णनात आडनाव चुकलं म्हणून. बाई म्हणाल्या, "अहो, ते तुम्ही काढणार होतात ना?"

"काय बाई?" असं मी विचारलं खरं, पण विचारतानाच पोटात गोळा आला होता.

निवृत्त माणसांशी त्यांच्या कामाबद्दल गप्पा, असा आमचा पॉडकास्ट. तिघांचं काम. निवेदिका प्रश्न विचारते, मी एडिट करतो, तिसरा आवाजाची पातळी बघतो आणि आम्हा दोघांच्या चुका काढतो. बाई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. बोलता बोलता एका मुलाची गोष्ट निघाली. गृहपाठ केला नाही म्हणून त्यांनी त्याला वर्गासमोर मारलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतर कधीच आला नाही. पटावर नाव होतं तोवर बाई ते रोज पुकारत राहिल्या. हे सांगताना त्यांनी ते माइकसमोर पुकारलंच. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अगदी हजेरीच्या चालीत. मग चार सेकंद काहीच नाही. मग भानावर आल्यासारख्या म्हणाल्या, "हे काढाल ना? त्याचं नाव आलं."

मी मान डोलावली आणि टाळी वाजवली. टाळीचा आवाज वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात, सुळक्यासारखा दिसतो, कापायची जागा नंतर शोधावी लागत नाही.

ती जागा सांधायला मला पाऊण तास लागला होता. आधीचं वाक्य वरच्या पट्टीत संपत होतं आणि पुढचं खालून सुरू होत होतं. नुसतं जोडलं तर मधेच दुसरीच बाई बोलायला लागल्यासारखं वाटायचं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट धरून ठेवतो आम्ही, तो रूम टोन खाली अंथरला. दुसरीकडचा एक श्वास उसना आणून मधे बसवला. निवेदिकेचा एक "हं" दोन सेकंद पुढे सरकवला. कुठे कापलंय ते कोणी कान लावून दाखवावं.

फक्त कापलेली क्लिप मी डिलीट केली नव्हती. म्यूट करून जागच्या जागी ठेवली होती. म्यूट केलेला भाग आमचं सॉफ्टवेअर वगळतं आणि पुढचं मागे ओढून घेतं, अनम्यूट केला की तो परत मधे येतो. नाव तेवढं काढून बाकीचं ठेवता येईल का, हे निवेदिकेला विचारायचं होतं. विचारलंही. ती म्हणाली, बाई काढा म्हणाल्या म्हणजे काढायचं. विषय तिथे संपला, तरी मी डिलीट केलं नाही. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. ते चार सेकंद तर मी एडिट करताना कितीदा ऐकले, मोजलं नाही.

रात्री तिसऱ्याने सेशन, म्हणजे माझ्या एडिटची फाइल, उघडलं. बाईंचा आवाज निवेदिकेपेक्षा खाली जात होता. तो वर घेऊन एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) बसवायची होती, ॲपलची शिफारस तीच आहे. पातळी मोजताना शीर्षकधून ऐकू येईना, म्हणून त्याने सगळं सिलेक्ट करून अनम्यूट केलं आणि एक्स्पोर्ट मारला. नंतर मी तावातावाने विचारलं तर म्हणाला, "म्यूट म्हणजे बहुतेक नको. नकोच असेल तर उडवायचं ना." हा माणूस बरोबर असतो तेव्हा जास्त असह्य होतो.

शेवटची फाइल अपलोड करण्याआधी एकदा सलग, नेहमीच्या वेगाने ऐकायची, हा आमचाच नियम. मी पहिली दोन मिनिटं ऐकली, शेवटची दोन ऐकली. होस्टिंगच्या पानावर ४२:१८ असा आकडा दिसत होता. माझं एडिट ४०:३६ चं होतं. आकडा मी पाहिला, बघितला नाही.

लोकांना वाटतं आपण एपिसोड ॲपवर 'टाकतो'. आपण तो होस्टिंग सेवेकडे टाकतो. ती ऑडिओ ठेवून घेते आणि आरएसएस फीड नावाच्या यादीत त्याची एक नोंद करते: फाइलचा पत्ता, बाइट्समधला आकार, प्रकार आणि जीयूआयडी म्हणजे त्या एपिसोडची कायमची ओळख. ॲप्स येऊन यादी वाचतात, नवं दिसलं की उचलतात. फाइल अशी फीडला जोडायची सोय २००० सालची, 'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ मध्ये छापून आला त्याच्याही आधीची. दिलेलं परत मागायची सोय तिच्यात तेव्हाही नव्हती, आजही नाही.

बाईंना मी म्हणालो, "लगेच काढतो." ७ वाजून ३१ मिनिटांनी एपिसोड फीडमधून काढला. डॅशबोर्डवर २६३ डाउनलोड होते.

मग वाद. निवेदिकेचं म्हणणं, गुपचूप फाइल बदला आणि तोच एपिसोड परत सुरू करा. पण जीयूआयडी तोच राहिला तर ज्या फोनांनी आधीच उतरवून घेतलाय ते दुसऱ्यांदा ढुंकून बघत नाहीत, जुनी प्रत तशीच राहते. जीयूआयडी बदलला तर सगळ्यांकडे तो नवीन म्हणून जातो, नोटिफिकेशनसकट. जुना कधी यादीतून गळतो, कधी शेजारी तसाच बसून राहतो. त्यात सेवेने जगभर ठेवलेल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या प्रतींमधून, जुनीच फाइल येत राहायची भीती. म्हणून सपोर्टला लिहिलं: या पत्त्यावरची फाइल सगळीकडून पुसा, तातडीचं आहे. उत्तर लगेच आलं. कव्हरचं चित्र १४०० ते ३००० पिक्सेलच्या चौकोनात कसं बसवावं, याची लिंक. खरं माणूस भेटायला दुपार झाली, आणि ते माणूस चांगलं होतं.

मी जीयूआयडी बदलायच्या बाजूने होतो. नाव ज्यांच्या फोनवर गेलंय त्यांच्याकडे निदान चांगली प्रत पोहोचू दे, असा हिशोब. ९ वाजता नवी फाइल, नव्या ओळखीने. आदल्या रात्री ऐकायची ती आता अख्खी ऐकून.

संध्याकाळी एका श्रोत्याची मेल आली. फार प्रेमाने लिहिली होती. एपिसोड दोनदा आलाय, दुसरा १ मिनिट ४२ सेकंदांनी छोटा आहे, काय काढलंत ते जुळवून पाहिलं, आणि जे काढलंत तेच सगळ्यात चांगलं होतं, असं का केलंत? गुपचूप बदललं असतं तर त्याला कळलंही नसतं. बदललं नसतं तर कुणाला काय कळलं असतं, हे मात्र सांगता येत नाही. निवेदिका काही बोलली नाही. ती मेल तिने मला फॉरवर्ड केली, वर काहीही न लिहिता.

बाईंना मी दुपारीच उलट फोन केला होता. त्यांनी एकच विचारलं, "किती जणांनी ऐकलं?" याचं उत्तर आमच्या धंद्यात कुणाकडेच नसतं. आयएबी या ऑनलाइन जाहिरातवाल्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे इंटरनेटच्या एका पत्त्यावरून, एकाच ॲपने, चोवीस तासांत कितीही वेळा घेतलं तरी एक डाउनलोड, आणि निदान मिनिटभराचा ऑडिओ उतरायला हवा. पण उतरलं म्हणजे वाजलं नव्हे. निम्मे फोन झोपेतच उतरवतात आणि तसेच पुसून टाकतात. जाहिरातदारांना हा आकडा सांगताना मी 'श्रोते' म्हणतो. बाईंना म्हणालो, "फार नसतील."

"आणि आता कुठेच नाही ना?"

"फीडमध्ये नाही, बाई."

"बरं," म्हणाल्या. फीड म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या रात्री सेशनमधून क्लिप काढली, बॅकअपमधूनही काढली. आमचा पॉडकास्ट मी स्वतःच्या फोनवरही लावून ठेवलाय, गेला की नाही ते कळावं म्हणून. सकाळी ६ वाजून २ मिनिटांनी त्याने तो उतरवला होता. त्या जागेवर नेऊन वाजवला. ॲपमध्ये शांतता गाळायचं बटण आहे, ते कधीतरी मीच सुरू करून ठेवलं होतं. चार सेकंद गाळले गेले होते. बाईंनी आडनाव उच्चारलं आणि त्याला चिकटूनच, श्वासही न घेता, "हे काढाल ना?"