आज्जी, बाळ उताणंच झोपू दे

चिऊला आज तीन महिने पूर्ण झाले. हे लिहायचं कधीपासून मनात होतं पण हात रिकामा मिळतोय कुठं, आत्ता ती समोर पाळण्यात उताणी झोपलीये, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर टाकून, बाहेर परतीचा पाऊस लागलाय, तेवढ्यात लिहून काढते. माझ्या दोन मैत्रिणी पुढच्या महिन्यात बाळंत होणारेत आणि दोघींनीही मला एकच विचारलं, बाळाला झोपवायचं कसं गं, घरी प्रत्येक जण वेगळंच सांगतंय.

माझं बाळंतपण माहेरी झालं, कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. घरी आई, बाबा आणि ८२ वर्षांची आज्जी. आज्जीनं सहा पोरं वाढवली, त्यानंतर नातवंडं, त्यामुळं बाळाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. दवाखान्यात सिस्टरनी चिऊला कुशीवर झोपवून पाठीमागं दुपट्याची गुंडाळी लावून दिलेली. घरी आल्यावर आज्जी म्हणाली, "अगं उताणं टाकलं की दचकतंय बघ ते, हात उडवतंय, पालथं घाल की, कसं गपगार झोपतंय." आणि खरंच तसंच व्हायचं. उताणं ठेवलं की वीस मिनिटांत दचकून उठायची, पालथं घातलं की दोन-दोन तास हूं की चूं नाही. बाळंतिणीला झोपेची किती भूक असते ते जिचं तिलाच कळतं, मला तर देवच पावल्यासारखं वाटलं.

बाराव्या दिवशी दुपारी न्हाणं झालं, मावशी टाळू भरून गेल्या, आज्जीनं तिला वाकळीवर पालथं घातलं आणि मी पण शेजारी आडवी झाले. जाग आली तेव्हा अडीच तास झालेले. चिऊचं तोंड वाकळीच्या घडीत गेलेलं, नाक पूर्ण दाबलेलं, मी उचललं तर सगळा गाल लालबुंद आणि त्यावर धावदोऱ्याचे टाके अगदी एकेक मोजता येतील असे उमटलेले. तिला काही झालं नाही, उचलल्यावर रडली, दूध प्यायली. पण ते टाके गालावरून जाईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही, आणि रात्रभर माझ्या डोक्यात एकच, अजून थोडा वेळ मी झोपले असते तर.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टरांकडं गेलो, मुद्दाम आज्जीला पण घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, एक वर्षाचं होईपर्यंत झोपवायचं ते उताणंच, दिवसा पण आणि रात्री पण, अर्ध्या तासाच्या डुलकीला सुद्धा. कुशीवर पण नको, कारण कुशीवरचं बाळ पटकन पालथं पडतं आणि एवढ्याशा बाळाला परत फिरता येत नाही. दवाखान्यातली ती गुंडाळी म्हणूनच काढून टाकायची.

आज्जीनं लगेच विचारलं, "आणि दूध वर आलं तर? उताणं असलं तर घुसमटंल की ते." हा प्रश्न माझ्याही मनात होता, तो सगळ्यांच्याच मनात असतो. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासाची नळी वर असते आणि अन्नाची नळी तिच्या खाली. दूध वर आलंच तर श्वासाच्या नळीत जायला त्याला वर चढावं लागेल, ते उलट गिळलं जातं नाहीतर तोंडावाटे बाहेर पडतं. बाळ पालथं असलं की अन्नाची नळी वर आणि श्वासाची खाली, मग उलटून आलेलं दूध जिकडं उतार तिकडं जाणार. आज्जीनं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि काही न बोलता तशीच घडी करून बटव्यात ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते दुसरंच, आणि मैत्रिणींनो, लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. आपल्याकडं बाळ गाढ झोपलं म्हणजे चांगलं झोपलं असं धरतात. पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच आहे, आज्जीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण धोका तिथंच आहे. नाक दाबलं गेलं किंवा तोंडाजवळ आपलाच सोडलेला श्वास परत परत आत जायला लागला, तर बाळानं जागं व्हायला पाहिजे, मान हलवायला पाहिजे, रडायला पाहिजे. एवढ्या गाढ झोपेत काही बाळांना ती जागच येत नाही. उताणं बाळ दचकतं, हात उडवतं, लगेच उठतं, तो त्याचा त्रास नाही, ते त्याचं राखण आहे. त्या दिवसापासून चिऊ दचकून उठली की मला वैताग यायचा थांबला.

झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांसाठी डॉक्टर लोक सिड्स हा शब्द वापरतात, सडन इन्फंट डेथ सिंड्रोम. बाळ दिसायला ठणठणीत असतं, आणि शोधूनही कारण सापडत नाही. एक ते चार महिने हा सगळ्यात जपायचा काळ, आणि यातली बहुतेक बाळं सहा महिन्यांच्या आतली असतात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना धोका जास्त, काचेच्या पेटीत मशीनच्या नजरेखाली कधी पालथं ठेवतात ते वेगळं, घरी आल्यावर त्यांना पण उताणंच.

घरी येताना रिक्षात आज्जी एकदम गप्प. राजारामपुरी गेली, दसरा चौक गेला, तरी बोलेना. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी सगळ्या पोरांना चुकीचं झोपवलं व्हय गं?" मला इतकं वाईट वाटलं. रात्री मी शोधून वाचलं आणि सकाळी तिला सांगितलं, आज्जी, तुझ्या काळात अमेरिकेतले, विलायतेतले मोठे मोठे डॉक्टर पण पालथंच झोपवा म्हणून सांगत होते. १९८० नंतर तिकडं अभ्यास झाले तेव्हा लक्षात आलं. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मोहीम निघाली, १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालथं नको म्हणून सांगितलं, १९९४ मध्ये तिथं 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली, आणि दहाएक वर्षांत सिड्सनं जाणारी बाळं निम्म्यावर आली. नुसतं बाळ फिरवून झोपवलं म्हणून, औषध नाही की मशीन नाही. तू जे केलंस ते त्या वेळी सगळं जग करत होतं. आज्जी म्हणाली, "मग आता जगाला कळलंय तसं आपण पण करूया की."

यानंतर निघाली मोहरीची उशी. ही आज्जीनं मी सातव्या महिन्यात असतानाच शिवून ठेवलेली, तिच्या जुन्या सुती लुगड्याची, आत मोहरी, हातात घेतली की वाळूसारखी सरसर करते. डोकं गोल व्हावं म्हणून. पण एवढ्या लहान बाळाला उशीच नको, कुठलीच. मान पुढं वाकून हनुवटी छातीला लागली तरी श्वासाची वाट अरुंद होते, आणि मोहरी सरकून तोंड बाजूला रुतलं तर बाळाला ते सोडवता येत नाही. डोक्याचं म्हणाल तर एक दिवस तोंड उजवीकडं, एक दिवस डावीकडं करून झोपवायचं, जागेपणी उचलून घ्यायचं, पालथं खेळवायचं, एवढ्यानं होतं.

बारशाला आलेल्या भेटींमध्ये छत्रीच्या मच्छरदाणीवाल्या मऊमऊ गाद्या तीन, त्यात उशी, दोन्ही बाजूला लोड, एकात तर मखमली ससा पण. दिसायला फार गोड. पण बाळाच्या झोपायच्या जागेत फक्त बाळ पाहिजे. मी लोड, उशी, ससा सगळं वर माळ्यावर टाकलं. पाळण्याची फळी सपाट, त्यावर जुन्या कापसाची दाबून घट्ट झालेली पातळ गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर, बस. हातानं दाबलं की खड्डा पडतो ती गादी बाळासाठी नाही. डास आमच्याकडं भरपूर, म्हणून मोठी मच्छरदाणी सगळ्या पाळण्यावरून, ताठ बांधलेली, तोंडावर येणार नाही अशी. झोळीत मात्र मी झोपवत नाही. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं आणि मान पुढं येते. आईला झोळी फार आवडते, अजून अधूनमधून विषय निघतो, पण मी ऐकत नाही.

आता पावसाचं. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला ठाऊक आहेच, दुपटी चार चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि घरातल्यांना एकच भीती की बाळाला गारठा लागेल. मग अंगडं, वर स्वेटर, कुंची, पायमोजे, वर शाल आणि खोलीचं दार बंद करून शेगडी. इथं मी घरच्यांशी सगळ्यात जास्त भांडले. जास्त उबेनं पण धोका वाढतो. बाळाचे हातपाय गार लागतात म्हणून घाबरायचं नाही, ते गारच असतात, मानेच्या मागं नाहीतर छातीला हात लावून बघायचं, तिथं घाम असेल तर एक कपडा कमी करायचा. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याच्यापेक्षा फार तर एक जास्त. घरात झोपताना कुंची, टोपडं काढायचं, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटेच बाहेर जाते आणि टोपडं सरकून तोंडावर येतं. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुरी अजिबात नको, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळालाच काय, मोठ्या माणसाला पण झोपेत संपवू शकतो. शेगडी आम्ही मागच्या पडवीत नेली, दुपटी तिथंच वाळवतो. कुणी बिडी-सिगारेट ओढून आलं तर बाळाला हातात द्यायचं नाही, मग पाहुणा कितीही जवळचा असो.

रात्रीचं दूध पाजणं हा माझा अवघड भाग होता. तीन वाजता बसून पाजताना डोळे मिटतातच. बाळ आपल्या खोलीतच पाहिजे, निदान सहा महिने, पण झोपायची जागा वेगळी, म्हणून पाळणा माझ्या खाटेला लागून आहे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजत बसू नका, तिथं डोळा लागणं फार धोक्याचं, बाळ खाचेत सरकतं. झोप येणारच असं वाटत असेल तर त्यापेक्षा अंथरुणावर बसून पाजलेलं बरं, उशा-पांघरूण बाजूला करून, आणि जाग आली की लगेच बाळ पाळण्यात. आमच्याकडं आई तीनचा गजर लावून उठायची, माझ्यासमोर नुसती बसून राहायची, आणि दूध पिऊन झालं की चिऊला घेऊन ढेकर काढायची. तिचं हे मी विसरणार नाही.

पालथं घालायचंच नाही असं मात्र नाही हं. जागी असताना, समोर कुणीतरी बसलेलं असताना रोज पालथं घालायचं, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, मग वाढवत. मान आणि खांदे धरायला त्याचा उपयोग होतो. हे काम आज्जीनं घेतलंय. सकाळी न्हाण्याआधी सतरंजी अंथरते, चिऊला पालथं घालते आणि स्वतः तिच्यासमोर गुडघा धरून बसते. परवा चिऊनं मान वर काढून आज्जीकडं बघितलं तर आज्जीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवायचं मी गेल्या आठवड्यात बंद केलं, कारण ती आता कुशीवर वळायला बघतीये, आणि हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर सुटू शकत नाही. पुढं ती आपलं आपण दोन्ही बाजूंनी नीट वळायला लागली की झोपेत फिरली तरी परत सरळ करायला लागत नाही असं डॉक्टर म्हणालेत, झोपवायचं मात्र उताणंच.

काल रात्री जोराचा पाऊस आला आणि लाईट गेली. सगळीकडं मिट्ट काळोख, पन्हाळीचा आवाज. मला वाटलं आज्जी झोपलीये, तर पलीकडच्या खाटेवरनं आवाज आला, "उताणं हाय न्हवं गं पोरगी?" मी मोबाईलच्या उजेडात बघितलं आणि सांगितलं, हाय आज्जी.